विभक्त पालकांमधील पाळत आणि मूल
पतिपत्नी वेगळे झाल्यावर एकाने दुसऱ्याच्या घराभोवती किंवा कार्यालयाभोवती घुटमळणे, नकार कळूनही फोन करत राहणे, मोबाइलमधून त्याच्या हालचाली टिपणे, या साऱ्यास पाळत म्हणता येते. ती दोन प्रौढांमधील बाब समजली जाते. परंतु दोन्ही घरांत नियमित ये-जा असणारी व्यक्ती मूल हीच उरल्यामुळे पाळतीची वाट बहुधा त्याच्यामधूनच जाते.

कौटुंबिक न्यायालयाने ठरवून दिलेल्या भेटीत, जिला पक्षकार आणि वकील ‘ॲक्सेस’ म्हणतात, आई घरी कधी येते, कोण येऊन गेले, अशी चौकशी गप्पांच्या ओघात होते. वाढदिवसाला दिलेल्या मोबाइलमधील लोकेशन चालू राहते आणि आईने जपलेला नवा पत्ता उघड होतो. तो कसा फुटला याचा शोध ती घेऊ लागली की मुलाची दुसऱ्या बाजूनेही उलटतपासणी सुरू होते. भेटीच्या आदल्या रात्रीची पोटदुखी किंवा अंथरूण ओले होणे निदान डोळ्यांना दिसते. अधिक खोल हानी अशी की, एका घरातले दुसऱ्या घरी बोलायचे नाही हे शिकलेले मूल हळूहळू शाळेतले, मित्रांमधले, स्वतःच्या दुखण्याखुपण्याचेही बोलेनासे होते, आणि या गप्पपणाला समजूतदारपणा म्हणून वाखाणण्यात नातेवाईकच पुढे असतात.

दंड संहितेत २०१३ साली आलेली पाठलागाविषयीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असून पहिल्या गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कारावास सांगते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊन, म्हणजे संपर्क साधण्यास व कामाच्या ठिकाणी जाण्यास मनाई करून, पाळत रोखू शकतात आणि मुलाच्या हितास बाधक ठरणारी भेटही नाकारू शकतात. दोन्हींत तक्रारदार स्त्रीच असू शकते; पाळत मातेने ठेवली तरी मुलाचा जाच मात्र तोच असतो.

ज्या पालकांनी हे सोसले आहे त्यांना उशिरा उमगते ते असे की, पुराव्याच्या कामात मुलाला गुंतवू नये. संदेशांची तारीखवार नोंद स्वतः ठेवावी. लोकेशन घाईने बंद केल्यास समोरच्याला सुगावा लागतो व पुरावाही निसटतो, म्हणून आधी स्क्रीनशॉट घेऊन वकिलाचा किंवा सायबर पोलिसांचा सल्ला घ्यावा. मुलाला कोण नेऊ शकते हे शाळेस न्यायालयीन आदेशाच्या प्रतीसह लेखी कळवावे, आणि समोरासमोर येणे धोक्याचे असल्यास मुलाची देवघेव न्यायालयाच्या आवारात व्हावी अशी विनंती करावी. भेटीवरून परतलेल्या मुलाला ‘तिकडे काय विचारले’ असे विचारणे काळजीपोटी असले तरी तपासच ठरते. ते बोलणे समुपदेशकासमोर होऊ द्यावे, आणि कोणत्याही घरची बातमी पोचवण्याची जबाबदारी त्याची नाही, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.