नवा प्रोसेसर आणि जुना प्रोग्राम

यंदा आपल्या मासिकाचे मराठी पान निघते की नाही, अशी वेळ आली होती. कारण ऐकून हसू येईल. संगणक नवा आला होता!

आपल्या शाळेत देशाच्या सर्व भागांतील मुले शिकतात. त्यांत मराठी बोलणारे आम्ही मोजकेच, म्हणून हे एक पान आम्हाला फार मोलाचे वाटते. आजवर ते संगणक कक्षातील जुन्या डेस्कटॉपवर, एका जुन्या टायपिंग प्रोग्राममध्ये तयार होई. प्रोग्राम चालू करण्यासाठी यूएसबीमध्ये डोंगल लावावे लागे. सुट्टीहून परत आलो, तेव्हा डेस्कटॉपच्या जागी नवा लॅपटॉप होता. मी प्रोग्राम बसवला, डोंगल लावले आणि पडद्यावर सूचना आली की हा ड्रायव्हर या संगणकावर चालणार नाही. मजकूर छपाईला देण्यास दहा दिवस उरले होते. सर म्हणाले, "वेळेत टाइप झाले नाही, तर यंदा मराठी पान वगळावे लागेल."

मला प्रोग्राम बनवणाऱ्यांचा फार राग आला. पैसे घेऊन विकलेला प्रोग्राम त्यांनी नव्या संगणकासाठी सुधारला का नाही? संगणकाचे सर म्हणाले, "रागावण्याआधी अडचण नेमकी कुठे आहे ते शोध." शोधताना जे समजले, ते मित्रांनो, तुमच्यासाठी लिहितो.

परेडवर उस्ताद 'दाहिने मुड' म्हणतात आणि आपण क्षणात वळतो, कारण ते हुकूम आपल्या अंगात भिनलेले आहेत. तेच हुकूम कोणी फ्रेंच भाषेत दिले तर? आपण सारे जागेवरच उभे राहू. प्रोसेसरचेही असेच असते. त्याला ठरावीक हुकूमच कळतात. या हुकमांच्या संचाला 'इन्स्ट्रक्शन सेट' म्हणतात. आपल्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये एक्स८६ हा संच असतो. त्याची सुरुवात 1978 मधील इंटेल 8086 या प्रोसेसरपासून झाली. नव्या लॅपटॉपमध्ये एआरएम हा संच आहे. तो इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार झाला आणि त्याची पहिली चिप 1985 मध्ये चालली. आपले मोबाइल याच संचावर चालतात. तो कमी वीज खातो, म्हणून आता लॅपटॉपमध्येही येऊ लागला आहे.

मग जुने प्रोग्राम एआरएमवर मुळीच चालत नाहीत का? पुष्कळसे चालतात, कारण मध्ये एक दुभाष्या असतो. तो जुने हुकूम नव्या भाषेत बदलून प्रोसेसरला देतो. ॲपलने 2006 मध्ये इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली, तेव्हा अशा दुभाष्याला 'रोझेटा' हे नाव दिले. नाव ओळखीचे वाटले ना? इजिप्तमध्ये 1799 साली नेपोलियनच्या सैनिकांना किल्ल्याची डागडुजी करताना रोझेटा शिळा सापडली. तिच्यावर एकच मजकूर तीन लिपींत कोरलेला होता आणि त्यावरूनच इजिप्तची प्राचीन चित्रलिपी उलगडली.

पण दुभाष्याला दोन मर्यादा असतात. पहिली, तो कायमचा नसतो. ॲपलने 2011 मध्ये पहिला रोझेटा काढून टाकला आणि तोपर्यंत न सुधारलेले जुने प्रोग्राम नव्या प्रणालीवर बंद पडले. 2020 मध्ये ॲपलने पुन्हा प्रोसेसर बदलला, तेव्हा नवा दुभाष्या आणावा लागला. दुसरी मर्यादा म्हणजे दुभाष्या सगळीकडे पोहोचत नाही. एआरएमवरील विंडोज साधे जुने प्रोग्राम भाषांतर करून चालवते. पण ड्रायव्हर थेट यंत्रणेच्या गाभ्यात काम करतो, म्हणून तो एआरएमसाठीच बनवलेला असावा लागतो. आमचे घोडे इथेच अडले होते. प्रोग्राम कदाचित चालला असता, पण डोंगलचा ड्रायव्हर जुना होता.

खरी काळजी पुढेच होती. सहावीतील एका कॅडेटने आपल्या आजोबांवर लेख लिहिला होता. ते निवृत्त सुभेदार. लेख टाइप झाल्यावर त्याने हस्तलिखित टाकून दिले होते. पेन ड्राइव्हवरील फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडली, तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली. असे का? जुन्या टायपिंग प्रोग्राममध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. याउलट युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक असतो. 'क' चा क्रमांक 0915. प्रोसेसर कोणताही असो, तो बदलत नाही.

तेव्हा मला माझी चूक कळली. कंपनीने प्रोग्राम सुधारायला हवा होता किंवा निदान आधी कळवायला हवे होते, हे मी आजही म्हणतो. पण युनिकोड 1991 पासून आहे आणि आम्ही आमचे लेखन एकाच कंपनीच्या कुलपात ठेवले होते. ती चूक आमची.

सुदैवाने त्या लेखाची एक छापील प्रत तपासणीसाठी हाउसमास्तरांकडे गेली होती. मी विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक सुरू केला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. पहिल्या संध्याकाळी तासाभरात जेमतेम अर्धे पान झाले. प्रेप संपल्यावर आम्ही चौघे आळीपाळीने बसलो आणि आठव्या दिवशी सर्व मजकूर सरांच्या हाती दिला.

यातून मी तीन गोष्टी शिकलो. नवा संगणक घेण्यापूर्वी आपले प्रोग्राम आणि त्यांचे ड्रायव्हर त्याच्या प्रोसेसरसाठी आहेत का, ते विचारावे. नव्या यंत्रावर काम सुरळीत होईपर्यंत जुने यंत्र देऊ नये. आणि मराठी लेखन नेहमी युनिकोडमध्येच साठवावे. पालकांनी घरच्या जुन्या फाइलीही एकदा उघडून पाहाव्यात.

सुभेदार आजोबांवरील लेख पुढच्या पानावर आहे. तो जरूर वाचा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी