ध्यानाचा प्रारंभ : शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ

हजेरी संपते, फळ्यावर दिनांक पडतो आणि पाठास आरंभ होतो. परंतु पुष्कळ मुलांची मने तेव्हा वर्गात पोचलेलीच नसतात. कोणाचे मन वाटेवरच्या ओढ्यात रेंगाळलेले असते, तर कोणी घरच्या भांडणाचे ओझे घेऊन बसलेले असते. शिक्षकाचे मनही यास अपवाद नसते. ‘लक्ष द्या’ ही सूचना शाळेत दिवसभर ऐकू येते. लक्ष कसे द्यावे, हे मात्र क्वचितच शिकवले जाते. ध्यानाचा प्राथमिक अभ्यास म्हणजे या उणिवेची भरपाई होय.

ध्यान म्हणजे काय?

पतंजलींच्या अष्टांगयोगात ध्यान हे सातवे अंग आहे. त्यापूर्वीचे सहावे अंग धारणा. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा आणि तेथे त्याचा प्रवाह अखंड राहणे हे ध्यान. यावरून स्पष्ट होते की, नवशिक्याचा खरा अभ्यास धारणेचा असतो. मन विचारशून्य करणे ही त्याची पहिली पायरी नव्हे. मन भटकले हे ओळखणे आणि त्यास शांतपणे परत आणणे, एवढेच प्रारंभी साधावयाचे असते.

पुणे परिसरातील परंपरा

या विषयाची साधने पुण्यापासून दूर नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले; त्यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ साली शिवाजीनगर भागात उभी राहिली. शरीर स्थिर व पाठकणा सरळ झाल्यावाचून मन स्थिरावत नाही, हा त्यांच्या शिकवणीचा पाया होता. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यना शिकविण्यास आरंभ केला. त्या परंपरेचे ‘धम्मपुण्ण’ हे केंद्र पुण्यात स्वारगेटनजीक आहे. याच परंपरेतील ‘आनापान’, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव, महाराष्ट्र शासनाच्या ‘मित्र उपक्रमा’तून शाळांपर्यंत पोचली. विपश्यनेचे पूर्ण शिक्षण दहा दिवसांच्या निवासी शिबिरात दिले जाते. पुढील क्रम हा त्यास पर्याय नव्हे, केवळ पूर्वतयारी आहे.

अभ्यासाचा क्रम

१. वेळ व जागा ठरावीक असावी. पहाटे अथवा शाळा भरण्यापूर्वीची पाच मिनिटे पुरेत. एक दिवस अर्धा तास बसून सहा दिवस न बसण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे श्रेयस्कर.

२. सतरंजीवर मांडी घालून बसावे. गुडघे दुखत असल्यास खुर्चीवर, तळपाय जमिनीला टेकवून बसावे. पाठ सरळ, पण ताठर नसावी. खांदे सैल सोडावेत.

३. डोळे मिटावेत, अथवा दृष्टी समोरच्या जमिनीवर स्थिर करावी.

४. नाकपुडीशी श्वासाचा स्पर्श जाणवू द्यावा. श्वास मुद्दाम लांबवू नये वा रोखू नये. तो जसा येईल तसा पाहावा.

५. मन गेले असे कळताच त्याच्यावर न रागावता पुन्हा श्वासाकडे यावे. पाच मिनिटांत पन्नास वेळा असे घडले, तरी अभ्यास फुकट गेला असे मानू नये. चुकलेले वासरू गोठ्याकडे वळविणारा त्यास मारीत नाही; वाट दाखवितो.

६. समाप्तीस हातपाय हलवून सावकाश उठावे.

दोन आठवड्यांनंतर सवडीप्रमाणे दहा मिनिटांपर्यंत वाढ करावी.

सामान्य अडचणी

झोप येत असल्यास डोळे उघडे ठेवावेत किंवा उभे राहून अभ्यास करावा. पायास मुंग्या आल्यास सावकाश बैठक बदलावी. दुःख सोसणे हे येथे उद्दिष्ट नाही. कुत्र्याचे भुंकणे, एस.टी.चा कर्णा हे आवाज बंद होण्याची वाट पाहू नये. आवाज ऐकला, हे जाणून श्वासाकडे परतावे.

वर्गात नेताना दक्षता

प्रथम शिक्षकाने स्वतः महिनाभर अभ्यास करावा. नंतरच तो मुलांपुढे ठेवावा. लहान वर्गांना दोन मिनिटे पुष्कळ झाली. ध्यान ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. गोंगाटाबद्दल डोळे मिटून बसविलेले मूल शांततेचाच तिटकारा करू लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत सर्व धर्मांची मुले असतात आणि राज्यघटनेचे कलम २८ पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षणास मनाई करते. म्हणून श्वास हेच आलंबन ठेवावे. एखाद्या मुलास डोळे मिटताच भीती वाटते, रडू येते. घरात मृत्यू, मारहाण वा आजार असेल, तर असे होणे स्वाभाविक आहे. अशा मुलावर सक्ती करू नये. त्यास खिडकीबाहेरचे झाड पाहू द्यावे, मागाहून एकांतात त्याची विचारपूस करावी आणि गरज पडल्यास मुख्याध्यापकांच्या साहाय्याने वैद्यकीय सल्ला मिळवून द्यावा.

फलाविषयी अतिशयोक्तीही टाळावी. ब्रिटनमधील ८५ शाळांत आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा अशा पाठांचा मुलांच्या मानसिक आरोग्यास अधिक लाभ झाल्याचे त्यात आढळले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा शीण मात्र काही काळ कमी झाला व शाळेचे वातावरणही काहीसे सुधारले. यापासून घ्यावयाचा बोध असा की, केवळ वेळापत्रकात तास घातल्याने ध्यान येत नाही आणि आरंभ शिक्षकापासूनच व्हावयास हवा. स्वस्थ शिक्षकाच्या वर्गात मूल निर्भयपणे बसते, हा लाभही थोडा नव्हे.

स्वाध्याय

१. एकवीस दिवस अभ्यास करून दिनांक, वेळ व आलेली अडचण यांची एका ओळीत नोंद ठेवावी.

२. शाळेच्या दिवसातील कोणत्या घटकेस आपला संयम सुटतो, हे त्याच वहीत लिहावे.

३. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात आणि हा अभ्यास वर्गात न्यावा किंवा कसे, याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.