सहलीतील भोजनाचा विचार
कोसाडहून तापी ओलांडून, मुंबईमार्गे खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानाची (सुरुवात २०१३) सहल ठरते, तेव्हा सारा हिशेब तिकिटाचा होतो. जेवण राहून जाते. अशा उद्यानांत बाहेरचे अन्न सहसा नेऊ देत नाहीत. तथापि भावापेक्षा वेळ महत्त्वाची. नायट्रोसारखी गाडी रुळांवर उलटीपालटी धावते, तेव्हा कानातील तोलाचे इंद्रिय एक सांगते, डोळे दुसरेच. मग पोट ढवळते. तेलकट वडे पोटात रेंगाळतात, म्हणून ते संध्याकाळी, परतताना खोपोलीत. सकाळी पोहे पुरेत. उपाशीही जाऊ नये. एक वाजता सगळेच रांगेत उभे असतात, तेव्हा साडेअकरालाच जेवून तासभर सौम्य खेळांत काढावा. आणि जेवणाची वर्गणी तिकिटाबरोबरच घ्यावी. ज्याच्या खिशात कमी पैसे, त्याला आतले दर फलकावर प्रथम वाचावे लागू नयेत.