आठवणीची पारख



या पाठाची सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

आमच्या वस्तीत पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला मुलगा मी. त्यामुळे शिक्षक झाल्यापासून घरोघरचे प्रश्न माझ्यापुढे येतात. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात एक माउली संध्याकाळी दारात आली. तिची मुलगी चांगल्या गुणांनी दहावी पास झाली होती. पुढे शिकायचे तर तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहावे लागणार होते. "गुरुजी, पाठवू का हो पोरीला? तुम्ही म्हणाल तसं करते," ती म्हणाली. मी क्षणभरही न थांबता सांगितले, "वहिनी, यंदा नको. आपल्या मुली तिथे टिकत नाहीत."

असे मी का म्हणालो? माझ्या डोळ्यांसमोर एक दृश्य होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास एक मुलगी शिक्षण अर्धवट टाकून परत आली, तेव्हा मी एस.टी. स्टँडवरच होतो. अंगात ताप, हातात पत्र्याची पेटी, आणि आईला पाहताच तिने फोडलेला हंबरडा. तो आवाज माझ्या कानांतून गेला नव्हता.

पुढे जानेवारीत एका कामासाठी मी माजी विद्यार्थिनींची यादी केली. शाळेतल्या नोंदी पाहिल्या, घरी जाऊन विचारले. सहा वर्षांत वस्तीतून अकरा मुली बाहेर शिकायला गेल्या होत्या. त्यांपैकी नऊ जणी बारावी पास झाल्या होत्या. इतकेच काय, तापाने फणफणत परतलेली ती मुलगीही बरी होऊन, सतरा नंबरचा फॉर्म भरून पास झालेली होती. त्या नऊ जणींत तीही होती!

ही यादी करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्याच दोन संध्याकाळी मी जूनमध्ये दिल्या असत्या तर एका मुलीचे वर्ष वाया गेले नसते. मी त्या माउलीच्या घरी जाऊन चूक कबूल केली. पुढच्या जूनमध्ये मुलगी वसतिगृहात गेली. पण गेलेले वर्ष मी तिला परत देऊ शकलो नाही.

मी खोटे बोललो नव्हतो. माझी आठवण खरी होती. मग चूक कुठे झाली? खऱ्या आठवणीवरून चुकीचा निर्णय कसा होतो, हे आज आपण समजून घेऊ.

१. जे ठळक आठवते ते पुष्कळ वाटते

ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना नावांची एक यादी वाचून दाखवली. एका यादीत १९ नावे प्रसिद्ध स्त्रियांची होती आणि २० नावे तितक्या प्रसिद्ध नसलेल्या पुरुषांची. दुसऱ्या यादीत हेच उलट केले होते. मग विचारले, यादीत स्त्रिया जास्त की पुरुष? ९९ जणांपैकी ८० जणांनी चुकीचे उत्तर दिले. ज्यांची नावे प्रसिद्ध, तेच संख्येने जास्त, असे त्यांना वाटले.

म्हणजे मन मोजत नाही. जे चटकन आठवते, ते पुष्कळ आहे असे धरून चालते. एका मुलीचा हंबरडा मला आठवला. ज्या मुली रोज मुकाट्याने वर्गात बसल्या आणि पास झाल्या, त्यांचा आवाज मला कसा आठवणार?

आपल्या घरांतही असेच होते. लस टोचल्यावर बाळ रात्रभर तापले, ती रात्र आईला आठवते. लशीमुळे जो गोवर झालाच नाही, तो कोणाला आठवणार? जे घडले नाही, त्याची आठवण राहत नाही. म्हणून पुढची लस चुकते.

२. शेवट साऱ्यावर सावली धरतो

१९९३ साली कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ जणांना थंडगार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितले. एकदा १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा त्याच थंडीत ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. मात्र या शेवटच्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले. मग विचारले, तिसऱ्यांदा यांपैकी कोणता प्रकार पुन्हा कराल? २२ जणांनी दुसरा निवडला. एकूण त्रास त्यातच जास्त होता. पण शेवट थोडा सुसह्य होता, आणि आठवणीने तो शेवटच धरून ठेवला.

शेजाऱ्याने दहा वर्षे अडीअडचणीला धाव घेतली आणि शेवटी बांधावरून एक भांडण झाले, तर आपण म्हणतो, "तो पहिल्यापासून तसाच." दहा वर्षे एका दिवसाच्या हिशेबात बुडतात.

३. आठवण बदलते

आपल्याला वाटते, आठवण म्हणजे कणगीतले धान्य. जसे ठेवले तसे काढले. प्रत्यक्षात ती दर वेळी नव्याने थापलेल्या भाकरीसारखी असते, आणि थापताना हाताला लागलेले दुसरे पीठही तिच्यात जाते.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग १९७४ साली प्रसिद्ध झाला. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचे चित्रीकरण दाखवले. ५० जणांना विचारले, "गाड्या एकमेकींवर जोराने आदळल्या तेव्हा वेग किती होता?" दुसऱ्या ५० जणांना विचारले, "गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?" उरलेल्या ५० जणांना वेगाविषयी काहीच विचारले नाही. एका आठवड्याने सर्वांना विचारले, "फुटलेली काच पाहिली का?" पहिल्या गटातील १६ जण 'होय' म्हणाले, दुसऱ्या गटातील ७, तिसऱ्या गटातील ६. चित्रीकरणात फुटलेली काच नव्हतीच!

प्रश्नातला एक शब्द आठवणीत जाऊन बसला. म्हणून घरी आलेल्या मुलाला "मास्तरांनी तुला कसं हाकललं?" असे विचारू नका. "काय झालं ते सांग," एवढेच म्हणा. वस्तीतल्या तंट्यात साक्ष घेतानाही हाच नियम पाळा.

मग आठवणीवर विश्वास ठेवायचाच नाही काय?

तसे नाही. संस्कृतातल्या 'स्मृति' या शब्दाचे पाली रूप 'सति'. सम्मासति हे अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग आहे. तिथे सतिचा अर्थ मागचे घोळवत बसणे असा नाही. आत्ता काय चालले आहे ते जागेपणी पाहणे असा आहे. सतिपट्ठानात काया, वेदना, चित्त आणि धम्म यांचे असे निरीक्षण करायला शिकवले आहे. आठवण आली की तिच्याबरोबर सुखद किंवा दुःखद वेदना येते. ती वेदना ओळखता आली, तर निर्णय तिच्या हाती जात नाही. त्या संध्याकाळी 'हे मला आठवते आहे आणि त्याने मी हळहळतो आहे' एवढे जरी माझ्या ध्यानात आले असते, तरी मी "दोन दिवस थांबा, पाहून सांगतो" असे म्हणालो असतो.

भिक्खुसंघाने आठवण कशी जपली, तेही पाहण्यासारखे आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात ५०० भिक्खू जमले. महाकस्सपांनी प्रश्न विचारले; विनयाविषयी उपालींनी आणि धम्माविषयी आनंदांनी उत्तरे दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सांगितले आहे. आनंदांची स्मरणशक्ती प्रसिद्ध होती. तरी एकट्या आनंदांनी आठवून सांगावे आणि काम संपावे, असे झाले नाही. सर्वांसमोर विचारणे, सांगणे आणि मिळून म्हणणे झाले. म्हणूनच तिला 'संगीती' म्हणतात. पुढे परंपरेनुसार इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक लिहून काढण्यात आले. आधी चारचौघांत पडताळा, मग लेखी नोंद, हा धडा त्यात आहे.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेनात, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपल्या मनावर कायमचा कोरला गेला, असे बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर टिपणांत लिहिले आहे. पण १९२८ साली सायमन आयोगासाठी बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले, तेव्हा त्यांनी त्यात शिक्षणाची आकडेवारी मांडली. कोणता प्रश्न विचारायचा, हे त्या तहानेने शिकवले असेल. उत्तर मात्र त्यांनी आकड्यांत शोधले. आठवणीचा योग्य उपयोग हाच.

घरी पाळण्यासारखे चार नियम

१. मोठा निर्णय त्याच बैठकीत घेऊ नका. शाळा, लग्न, कर्ज, जमीन, औषधोपचार यांसाठी निदान एक रात्र मध्ये जाऊ द्या.

२. "असेच होते" असे तोंडात आले की स्वतःला विचारा, "किती वेळा? कितींपैकी?"

३. ज्यांचे चांगले झाले त्यांच्याकडेही जाऊन विचारा. ते आपण होऊन सांगायला येत नाहीत.

४. घरात एक वही ठेवा. कर्ज, हप्ते, दवाखाना, लसी, मुलांचे गुण, कोणाशी काय ठरले, हे तारखेसह लिहा. घरात कोणाला लिहिता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्या. सावकाराची वही असते आणि आपल्याकडे नुसती आठवण असते, तेव्हा कोण हरते हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पुष्कळ पाहिले आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षी घरात घेतलेला एक निर्णय घ्या. तो कोणत्या आठवणीवर आधारलेला होता? तिच्या विरुद्धची उदाहरणे कोणाला ठाऊक होती?

२. घरातल्या एकाच जुन्या प्रसंगाविषयी तिघांनी वेगवेगळे लिहा, मग एकत्र वाचा. कुठे फरक पडला?

३. सतिपट्ठानात वेदनेचे निरीक्षण का सांगितले असावे?

जून महिना जवळ आला की पालक पुन्हा माझ्या दारात येतात. आता मी आधी ती यादी काढतो. दर वर्षी तिच्यात नवी नावे भरतो. परत आलेल्यांचीही आणि पास झालेल्यांचीही.

जयभीम!