घरचं रान आणि परकं झाड

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात पुष्कळ घरांना थोडं थोडं रान असतं. कुणाचं दहा गुंठे, कुणाचं एकर-दीड एकर. वर कातळ, खाली व्हाळ, मधल्या उतारावर रान. त्यात ऐन, किंजळ, जांभूळ, खैर आणि खाली करवंदाच्या जाळी. भाताच्या राबाला कवळ इथूनच येते. चुलीला फाटी इथूनच येतात.

या रानात आता एक परकं झाड शिरलं आहे. त्याला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात. आपण अकेशिया म्हणतो. नाव बाभूळ, पण अंगावर काटा नाही. त्याचा मूळ मुलूख उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी.

हे झाड आपलं आपण आलं नाही. आपणच आणलं. 1980 नंतरच्या वर्षांत सामाजिक वनीकरणाची रोपं गावोगाव लागली. उघड्या कातळ-मातीतही ती भराभर वाढत. मी शाळेतल्या मुलांकडून ती लावून घेतली. उरलेली पंचवीस घरच्या रानाच्या कडेला लावली. पाच वर्षांत ती घराच्या वर गेली. मला मोठा आनंद झाला.

आई म्हणाली, "झाड वाढलं खरं. पण याची कवळ तोडता येईल काय? गुरं याला तोंड लावतील काय?"

मी हसलो. मी मास्तर, आणि आईला तर अक्षरही येत नव्हतं. पण प्रश्न तिचाच बरोबर होता. ऐनाची कवळ तोडली तर तो पुन्हा फुटतो. अकेशियाचं तसं नाही. त्याचा पाला चामड्यासारखा जाड. गुरं खात नाहीत, आणि खाली पडला की लवकर कुजतही नाही. त्याचा थरच्या थर साचतो. त्या थरातून ऐनाचं कोवळं रोप वर येणार कसं?

पंचवीस झाडांची पाचशे कशी झाली, तेही सांगतो. पिवळे तुरे गळले की शेंगा धरतात. शेंग कानासारखी वळलेली असते. ती फुटली की काळं बी पिवळ्या धाग्याला लोंबतं. पाखरं ते नेतात. बियांचं कवच फार कठीण. मातीत ती वर्षानुवर्षे पडून राहते. रोपवाटिकेत ती पेरण्यापूर्वी कढत पाण्यात टाकतात, तेव्हा कुठे लवकर रुजते. आता विचार करा, रानात वणवा लागला तर काय होईल? वणव्याची धग म्हणजे तेच कढत पाणी! म्हणून अकेशियाचं रान जाळून साफ करू नये. जाळलं की पुढच्या पावसात रोपांची लव उगवते.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या भावाचा मुंबईहून फोन आला. "दादा, एक ठेकेदार सगळं रान एकदम साफ करून देतो म्हणतो. वर पैसेही देतो. देऊन टाकू या." सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची नावं. दोघांचं मत पडलं, द्यावं. मी एकटा नको म्हणालो. घरात चार दिवस बोलणं धड नव्हतं.

मी नको म्हणालो त्याला कारण होतं. ठेकेदाराचा माणूस अकेशिया आणि ऐन वेगळा काढीत बसत नाही. सगळं तुटलं की ऊन जमिनीवर येतं. झोपलेलं बी जागं होतं. रानमोडी तर वाटच पाहत असते. आणि आपला पाऊस असा, की उघड्या उताराची माती एका पावसाळ्यात व्हाळात जाते.

गंमत पाहा. ज्या देशातून हे झाड आलं, तिथल्या रानात घाणेरी माजली आहे. तीच, आपल्या गडग्यावरची! तिथेही ती बाहेरूनच आली. सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोघी बहिणी 1960 च्या सुमारास असं रान हातानं साफ करू लागल्या. जिथं रान चांगलं आहे तिथून त्या सुरुवात करीत. माती कमीत कमी उकरीत. आणि देशी झाडं जितकी पुढे सरकतील, तितकंच त्या पुढे साफ करीत.

आम्हीही तसंच ठरवलं. व्हाळाच्या अंगाला ऐन-किंजळीचे जुने खुंट जिवंत होते. तिथून आरंभ केला. शेंगा धरलेली मोठी झाडं पहिल्यांदा, शेंग पिकायच्या आत तोडली. बुंधा अगदी जमिनीलगत तोडावा. कमरेएवढा खुंट ठेवला तर तो फुटण्याचा संभव जास्त. (सुबाभूळ असेल तर जमिनीलगत तोडूनही भागत नाही. ती हटकून फुटते. तिचे फुटवे पुन्हा पुन्हा छाटावे लागतात.) शेंगा नसलेल्या फांद्या उतारावर आडव्या टाकल्या, म्हणजे माती अडते. जाड लाकूड सरपणाला विकलं. त्यातून मजुरी निघाली.

कोयता लावण्यापूर्वी एक काम करावे. सातबारा वाचावा. आता आपल्याला वाचता येतं! त्यावर खाजगी वनाचा शेरा असेल, तर वनखात्याला विचारल्याशिवाय तोड करू नये. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ यांना 1964 च्या वृक्षतोड कायद्याचं संरक्षण आहे. ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. अकेशिया त्या यादीत नाही. तरी लाकूड गाडीतून न्यायचं असेल तर आधी चौकशी करावी.

तोडीपेक्षा उपटणं महत्त्वाचं. हातभर रोप पावसात सहज मुळासकट येतं. उन्हाळ्यात येत नाही, वरच मोडतं. आमच्याकडे हे काम गणपतीत होतं. मुंबईकर घरी असतात आणि माती ओली असते. पहिल्या वर्षी मुलं धरून अकरा माणसं दोन सकाळी लागली होती, आणि तेरा भारे रोपं निघाली. गेल्या गणपतीत पाच भारे निघाले. भाऊ स्वतः मोजत होता.

व्हाळाकडचा ऐन आता डोक्याच्या वर गेला आहे. वरच्या अंगाची साठ-सत्तर अकेशिया अजून उभी आहेत. तिथं खाली देशी रोप दिसत नाही, म्हणून आम्ही त्यांना अजून हात लावलेला नाही.