आजारपण, नापिकी आणि देवाची शिस्त

प्रश्न : सोयाबीन पावसात गेले, घरात ताप हटत नाही. ही देवाची शिस्त समजावी का? (एक वाचक, सेमाडोह)

उत्तर : ख्रिस्ती शिकवणीत शिस्त आणि दंड वेगळे आहेत. दंडाचा हिशेब वधस्तंभावर चुकता झाला. शिस्त ही बापाने लेकराला लावलेले वळण, असे इब्री लोकांस पत्राचा 12वा अध्याय मांडतो. पण प्रत्येक संकट शिस्त नसते. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले 18 जण इतरांहून अधिक पापी नव्हते, हे येशूने स्पष्ट केले (लूक 13). तुमच्या मेळघाटात पावसाळी तापाला अनेकदा डास कारणीभूत असतो. तिथे आधी रक्ततपासणी, मग आत्मपरीक्षण.

शिस्तीची खूण नेमकेपणात असते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजापुढे ठरावीक गुन्हा ठेवला होता. विशिष्ट चूक मनाला टोचत असेल, तर कबुली द्यावी आणि नुकसान भरून द्यावे. जकातदार जक्कयाने चौपट परतफेड कबूल केली होती. कशाबद्दल हे न सांगणारी नुसती धास्ती मात्र पाळकापाशी बोलून मोकळी करावी.

स्वतःच्या दुःखापेक्षा दुसऱ्याच्या दुःखाचे निदान करणे अधिक धोक्याचे. पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली. त्यावरून रमाबाईंच्या श्रद्धेचे माप काढता येत नाही. बायबलमधील संकटग्रस्त ईयोबाच्या मित्रांनी तसे माप काढले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.