इंजिनची तेलगळती : आधी कारण शोधा, मग पाना धरा

आठवडे बाजाराला कापडाचे गठ्ठे नेणाऱ्या आम्हा व्यापाऱ्यांपैकी काहींकडे आजही १९८५ साली आलेली हिरो होंडा सी.डी. १०० आहे. उजव्या क्लच कव्हरखाली तेल दिसले की आम्ही बोल्ट आवळत सुटतो. हा नुकसानीचा सौदा आहे. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचे, आटे गेले तर स्वस्तातल्या पॅकिंगचे काम लेथवाल्याकडे जाते.

प्रथम इंजिन धुऊन कोरडे करावे, टाल्कम पावडर भुरभुरावी आणि थोडी गाडी चालवून पाहावे. कव्हरच्या जोडावर ओल आली तर पॅकिंग खराब. किकच्या दांड्याभोवती आली तर ऑईल सील खराब; तेथे फक्त पॅकिंग बदलून उपयोग नाही.

पॅकिंग बदलताना तेल काढावे, किक व क्लच केबल सोडवावी. बोल्ट लहान-मोठे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावेत. जुने पॅकिंग बोथट पात्याने खरवडावे. स्क्रू-ड्रायव्हरने ओरखडा पडला की तेथून पुन्हा गळते. सिलिकॉन थापू नये. त्याचा सुटलेला तुकडा तेलाच्या जाळीत अडकतो, तेल वर पोचत नाही आणि इंजिन जाम होते. नवे पॅकिंग बसवून समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन फेऱ्यांत सारखे आवळावेत.

तेल भरल्यावर गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. मोजकाठी न आवळता नुसती टेकवून पाहावी. तेल खालच्या खुणेखाली असेल तर गाडी बाजाराला काढू नये.